शून्याचं पाणी

आमचे शेजारी आप्पा मोहिते रोज सकाळी गाडी धुतात आणि पुसत नाहीत. धुऊन झाली की हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहतात आणि ती वाळताना बघतात. चांगली वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत गल्लीत कुणी झाडू मारायचा नाही, सतरंजी झटकायची नाही, स्कूटर जोरात न्यायची नाही. एकदा मी माझ्याच अंगणात, माझ्याच जास्वंदीला, माझ्याच पाइपने पाणी घालत होतो. भिंतीपलीकडून आप्पा गरजले, "सर! थेंब उडाला तुमचा! बॉनेटवर!"

मी तीस वर्षं शाळेत पीटीचा मास्तर होतो. एका शिट्टीवर अख्खं मैदान गप्प केलंय. ओरडायचं काम माझं. माझ्यावर कुणी ओरडलेलं मला अजिबात खपत नाही, आणि तेही एका थेंबासाठी तर मुळीच नाही.

"थेंबानं काय होतंय आप्पा? पुसून टाका की!"

"पुसून?" मी गाडीला दगड मारा म्हणालो असल्यासारखं तोंड करून ते म्हणाले. "फडकं मारलं की चरे पडत्यात. अन् न्हाई मारलं तर डाग पडतोय. तुमच्या पाण्यात आठशे चाळीस हाय, सर. आठशे चाळीस!"

हा आठशे चाळीस काय प्रकार आहे ते आता माझ्यासारखंच सगळ्या कॉलनीला पाठ झालं आहे. माधवनगरात आमची चौदा घरांची कॉलनी. चौदा घरांत मिळून एक बोअर. पाणी जड. नळाच्या तोंडाशी पांढरी खरपुडी धरते, स्टीलच्या तांब्याला पांढरा पट्टा येतो, तुरीची डाळ कुकरमध्ये सुद्धा अंग चोरून बसते. पण आमची सगळ्यांची हाडं ह्याच पाण्यावर पोसली आहेत आणि आजवर कुणाची तक्रार नव्हती. तक्रार आणली ती आप्पांनी, शर्टाच्या खिशात घालून. पेनासारखं एक यंत्र आहे. ते पाण्यात बुडवलं की पाण्यात क्षार किती आहेत त्याचा आकडा दाखवतं.

आप्पा मूळचे कडेगावकडचे. तीस वर्षं एका साखर कारखान्यात पाण्याच्या प्लांटवर होते. बॉयलरला साधं पाणी चालत नाही म्हणे. क्षार नळ्यांत जमतात, पुट चढतं, नळ्या फुटतात. म्हणून पाण्यातला क्षारन् क्षार काढून मगच ते बॉयलरमध्ये सोडायचं. आप्पांचं आयुष्य त्यात गेलं. "बॉयलर म्हंजे बाळंतीण, सर. तिला वाट्टंल ते पाजून चालत न्हाई." हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलं आहे. निवृत्त झाल्यावर माणसं भजन करतात, नातवंडं खेळवतात. ह्या गृहस्थांनी अंगणात प्लांट टाकला. आधी एक फिल्टरचं मशीन, त्याच्यापुढे दोन निळ्या टाक्या. त्या टाक्यांत क्षार धरून ठेवणारे मोहरीएवढे पिवळसर दाणे. बोअरचं पाणी मशीनमधून ह्या दाण्यांत जातं आणि दुसऱ्या टोकाला जे पाणी बाहेर पडतं त्यात पेन घातलं की आकडा येतो शून्य.

"शून्य म्हंजे शून्य. एक आला तरी ती घाण."

ह्या शून्याच्या पाण्यात कुठलाच क्षार नसल्यामुळे ते वाळल्यावर मागे काहीच राहत नाही. म्हणून पुसायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. हे सगळं मला मान्य आहे. शास्त्र आहे ते. पण गाडी कसली, तर जुनी, दुसऱ्याची वापरलेली, काळी. काळ्या रंगावर तर धुळीचा कणसुद्धा दिसतो. काळी का घेतली विचारलं तर म्हणतात, "शालन म्हणाली, काळ्याला दृष्ट लागत न्हाई."

शालनवैनी म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्यांचं गेली चार वर्षं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, आप्पा त्यांना ह्याच गाडीतून सांगलीला नेतात आणि आणतात. हे कॉलनीला माहीत आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गाडी काढा, जा, या. गाडीला रोज अंघोळ कशाला? एवढंच माझं म्हणणं होतं.

त्या पेनापायी आप्पांनी आणि आप्पांबरोबर आम्ही काय काय भोगलं ते सांगायला हवं. आष्ट्याला माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. आप्पांना मी हौसेनं नेलं, ही माझी चूक. पंगतीत शेजारी नवऱ्या मुलाचे मामा बसलेले, मिशीवाले, माजी सैनिक. आप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि सरळ मामांच्या ग्लासात बुडवलं. मामा बघतच राहिले. आप्पा मोठ्याने म्हणाले, "सातशे साठ! ह्या पाण्यात भात शिजलाच कसा?" पुढचा अर्धा तास मी मामांचा हात धरून बसलो होतो. माझ्या ताटातली जिलेबी तशीच राहिली.

देवळातल्या तीर्थातही त्यांनी पेन घातलं आहे. पुजाऱ्यांनी त्यानंतर तीर्थाची पळी आप्पांपुढे धरणंच सोडून दिलं.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते वेगळ्या गोष्टीवरून. हा माणूस, सांगलीची वेळ सोडली तर, रोज अकराला आणि चारला आमच्या दारात हजर. आत यायचा नाही. पायरीवर बसायचा, तोंड स्वतःच्या घराकडे. माझी बायको सुमन तांब्याभर पाणी आणून द्यायची. आप्पा पेन काढायचे, बुडवायचे, आकडा वाचायचे. "आठशे बेचाळीस. कालच्यापेक्षा दोन वाढलं." मग चेहरा असा करायचे की आम्ही त्यांना विषच देतोय. आणि मग तो अख्खा तांब्या एका दमात रिकामा. दुसरा मागायचे. तोही घटाघटा. मिशा पुसायच्या, "लय वाईट पाणी हाय, सर," म्हणायचं आणि निघायचं. चहा विचारला तर, "नगं. पाणी मिळालं, बास."

"तुमच्या घरात पाणी नाही का हो?" मी एकदा विचारलंच.

"हाय की. शून्याचं."

"मग ते प्या."

"ते गाडीचं हाय. पेयाचं न्हवं."

"मग प्यायला काय ठेवता?"

आप्पांनी दुसरीकडे बघितलं. "पितो की. तुमच्यात."

सुमन हसली. मला हसू आलं नाही. माझ्या पाण्याला नावं ठेवायची आणि माझंच पाणी ढोसायचं, ह्याला काय म्हणायचं? सुमन म्हणाली, "पाणीच पितात ना? पिऊ दे." मी म्हणालो, "पिऊ दे, पण तोंड कशाला वाकडं करायचं?"

ह्या एप्रिलमध्ये बोअर खाली गेली. मोटार तासभर चालायची आणि मग नुसती हवा ओढायची. कॉलनीचा सेक्रेटरी मी, मोटारीची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे चौदा घरांच्या शिव्याही माझ्याकडे. आणि अशा दिवसांत आप्पांच्या मशीनच्या मागच्या नळीतून पाणी गटारात वाहत होतं. शुद्ध एक बादली काढायची तर खारट दोन-तीन बादल्या बाहेर टाकाव्या लागतात, ही त्या यंत्राची रीतच आहे. मी ती धार गटारात पडताना बघितली आणि माझं टाळकं सणकलं.

रविवारी सकाळी माझ्या अंगणात मीटिंग घेतली. सगळे आले, वैनी तेवढ्या दोन दिवस माहेरी गेल्या होत्या. मी मुद्दा मांडला: आप्पांच्या घरातलं पाणी चालू राहील, पण अंगणातल्या प्लांटची लाइन पाऊस पडेपर्यंत बंद.

आप्पा उठून उभे राहिले. "अन् गाडीवर डाग पडलं तर?"

"पडू द्या की!" मी म्हणालो. "गाडीला काय बोहल्यावर चढवायचंय?"

सगळे हसले. आप्पांचा चेहरा लाल झाला. ते टेबलाकडे आले आणि मीटिंगसाठी ठेवलेल्या जगमध्ये त्यांनी पेन बुडवलं. "आठशे पंचेचाळीस! हे पिताय तुमी! पोराबाळांना पाजताय! अन् मला शिकवताय पाणी म्हंजे काय ते?"

तेव्हा मी ते बोललो. मैदानावर बोलायचो त्या आवाजात, चौदा घरांसमोर. "रोज दोन वेळा माझ्या दारात येऊन हेच पाणी ढोसताय ना, आप्पा? तेव्हा बरं चालतं! उद्यापासून माझ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. आपलं शून्याचं पाणी प्यायचं!"

मला वाटलं होतं आप्पा दुप्पट ओरडतील. त्यांनी नुसतं पेन शर्टाला पुसलं, खिशात ठेवलं आणि गेले. मी त्याच दुपारी जाऊन प्लांटच्या लाइनचा कॉक बंद केला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुमनने सवयीने तांब्या भरून दारात ठेवला. मी तो जास्वंदीला ओतला. तिने माझ्याकडे बघितलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तांब्या ठेवणं बंद केलं. आप्पा आलेच नाहीत. मला खरं सांगायचं तर विजय मिळाल्यासारखं वाटत होतं. आप्पा आता बोअरच्या पाण्याने गाडी धुवायचे आणि आयुष्यात पहिल्यांदा फडकं मारायचे, पण फडकं पोचायच्या आधीच ऊन पाणी खाऊन टाकायचं. काळ्या गाडीवर ताकाचे शिंतोडे उडावेत तसे डाग. एकदा मी भिंतीजवळून जाता जाता म्हणालो, "नक्षी छान पडलीय हो आप्पा." त्यांनी वर बघितलं नाही. ओठ सुकून भेगाळले होते. तेव्हा ते मला दिसले आणि माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही, ह्याचा मला आज संताप येतो.

पंधरा दिवस असे गेले. मे लागला. त्या गुरुवारी बाराच्या सुमाराला भिंतीपलीकडून वैनींची हाक आली. "भावजी! आवं भावजी, लवकर या!"

मी भिंतीवरूनच उडी मारली. आप्पा गाडीच्या पुढच्या चाकाजवळ बसले होते, हातात लिंबाची फोड आणि फडकं. काचेवरचे डाग घासत होते. उन्हात. डोळे फिरलेले. मी काखेत हात घालून त्यांना उचललं, आत खाटेवर टाकलं. कॉलनीच्या टोकाला एक डॉक्टरीणबाई राहतात, त्या धावत आल्या. रक्तदाब बघितला, जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली.

"अंगातलं पाणी कमी झालंय. ह्या उन्हात दिवसाला किती पाणी पिता हो तुम्ही?"

आप्पांनी नजर वैनींकडे वळवली. डॉक्टरीणबाईंनी मीठसाखरेचं पाणी करून ग्लास त्यांच्या हातात दिला आणि दर पाच मिनिटांनी घोट घोट घ्यायला सांगितलं. आप्पांनी ग्लास धरला. तोंडाला लावला नाही. वैनी समोर खुर्चीत बसल्या होत्या.

"प्या की आप्पा," मी ओरडलो.

वैनी हळू उठल्या. पर्स घेतली. "भावजी, आज मला सांगलीला तुमी सोडता का? माझं चुकवून चालायचं न्हाई. अन् मी गेल्याबिगार हे पेयाचं न्हाईत."

मला कळलं नाही. सुमनला आप्पांजवळ बसवलं, डॉक्टरीणबाई येऊन-जाऊन होत्या. मी आप्पांचीच गाडी काढली. वैनी मागे बसल्या. गाडी रस्त्याला लागली. मग त्याच म्हणाल्या, "एक विचारू का? ह्यांनी तुमच्यात यायचं का बंद केलं? मग हे पाणी कुठं पित्यात?"

"घरात असेल ना, वैनी."

"घरात कुठलं?" वैनी खिडकीबाहेर बघत होत्या. "मला दिसाला पाऊण लिटर. त्याच्या वर एक घोट न्हाई, डॉक्टरांनी सांगितलंय. अंगात पाणी साठतंय ना माझ्या. ह्यांनी बाटलीवर रेघा मारून दिल्यात, सकाळी इतकं, दुपारी इतकं. अन् स्वतःची दुसरी बाटली, तशीच. रेघा पण तशाच. मी म्हणलं, तुमी कशाला? तुमी प्या की पोटभर, मला काय वाटत न्हाई. पर वाटतंय ओ भावजी. तांब्याचा आवाज आला की माझा जीव तिकडं धावतोय. मी बोलले न्हाई, पर त्यांना कळलं. माठच काढून टाकला घरातला."

मी गाडी हळू केली.

"लांब कुठं जाऊन प्यावं, तर मला एकटीला सोडावं लागतंय. तुमचं घर भिंतीला भिंत. म्हणून तुमच्यात. मला तुमच्या पायरीकडं बघता येतंय आन् त्यांना माझ्याकडं. तितनं तांब्याचा आवाज येत न्हाई, पर मी आमच्या दारातनं मोजायची. दोन तांबं झालं की मला बरं वाटायचं. म्हणायची, आज पोटात पडलं त्यांच्या."

समोरचा आरसा मी उगाचच वळवला, त्यांचा चेहरा दिसू नये असा. 

"अन् ही गाडी?" मी कसंबसं विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

वैनी हसल्या. "ते माझ्यामुळंच. आमच्यात नवी नवी आली तवा ह्या काचंवर पांढरं डाग पडल्यालं. मी चेष्टेनं म्हणाले, माझ्या किडन्यांवर पण असलंच पुट चढलं असंल का ओ? नुसतं चेष्टेनं. त्या दिशी जेवलं न्हाईत हे. दुसऱ्या दिशी कुपवाडला जाऊन त्या निळ्या टाक्या घेऊन आलं. डॉक्टरांनी चारदा सांगितलंय, रक्तदाबानं गेल्यात किडन्या, पाण्याचा काय संबंध न्हाई. पर ह्यांच्या डोक्यातनं जात न्हाई. म्हणत्यात, बॉयलरला तीस वर्सं शून्याचं पाजलं, आन् तुला बोअरचं." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "डाग दिसला की पिसाळत्यात. तुमाला पण बोललं असतील. मनावर घेऊ नगा."

त्यांना मीटिंगमधलं काहीच माहीत नव्हतं. आप्पांनी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं गाडी कडेला घ्यावी आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात. वैनींना दवाखान्यात सोडलं. त्यांचे चार तास जाणार होते. मी परत माधवनगरला आलो तो रस्ताभर स्वतःला शाळेत पोरांनाही दिल्या नाहीत अशा शिव्या देत.

घरात सुमन खाटेजवळ बसली होती. ग्लास तसाच भरलेला.

"पीत नाहीत," ती म्हणाली. "पेन घातलं त्यात. म्हणतात हे पाणी नाही, समुद्र आहे."

आप्पांनी डोळे उघडले. "साडेतीन हजार हाय सर. ह्यानं बॉयलर फुटंल." मग लगेच, "गाडी कुठं लावली? झाडाखाली न्हाई ना?"

"उठा," मी म्हणालो.

"कुठं?"

"माझ्या पायरीवर. उठा म्हणतो ना!" हे मी मैदानातल्याच आवाजात म्हणालो, दुसरा आवाज त्या वेळी निघाला असता तर फुटला असता. सुमन एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आम्ही त्यांना धरून फाटकातून बाहेर आणि आमच्या फाटकातून आत नेलं. सावलीतल्या पायरीवर बसवलं. आप्पांनी सवयीने तोंड आपल्या घराकडे केलं. दारात आज कुणी नव्हतं. सुमन मीठसाखरेचा ग्लास घेऊन आली आणि मी घरातून तांब्या भरून आणला. त्यांच्या पुढ्यात धरला.

"घाला पेन."

त्यांनी घातलं. पेन डोळ्यांजवळ नेलं. "आठशे एकोणपन्नास."

"वाईट आहे ना?"

"लय वाईट हाय, सर."

"आहेच. प्या. आणि माझं तोंड त्याहून वाईट आहे आप्पा, मला माफ करा."

आप्पांनी आधी सुमनने धरलेला समुद्र घोट घोट संपवला, मग तांब्या. डॉक्टरीणबाई येऊन नाडी बघून गेल्या आणि आता काळजी नाही म्हणाल्या. आप्पा भिंतीला टेकून बसले, चेहऱ्यावर थोडा रंग आला.

मी जाऊन प्लांटच्या लाइनचा कॉक उघडला. मोटार लावली. चौदा घरांना काय बोलायचं ते बोलू दे. गटारात पडणाऱ्या नळीखाली बादल्या लावल्या. त्या खारट दोन-तीन बादल्या सगळ्यांच्या झाडांना आणि फरशीला चालतात, हे पंधरा दिवसांपूर्वी माझ्या डोक्यात यायला हरकत नव्हती. तासाभराने शून्याचं पाणी यायला लागलं. मी पाइप धरला आणि ती काळी गाडी धुवायला घेतली. लिंबाचा चोथा, ताकाचे ठिपके, सगळं.

"वरनं खाली!" पायरीवरून आवाज आला. "सर, टपापासनं सुरू करा! आवं, चाकं शेवटी! कसलं ओ मास्तर तुमी!"

मी टपापासून पुन्हा सुरू केलं. शेवटचं पाणी टपावरून सोडलं आणि पाइप खाली ठेवला. सुमनने नकळत फडकं पुढे केलं. मी ते बाजूला सारलं आणि हात मागे बांधून गाडीसमोर उभा राहिलो. समोरच्या घरातल्या बाई सतरंजी घेऊन झटकायला बाहेर आल्या. खिशात अजून जुनी शिट्टी असते माझ्या. ती मी अशी फुंकली की बाई सतरंजीसकट आत गेल्या.

मागे पायरीवर आप्पा पहिल्यांदाच हसल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. गाडी वाळली. पुढच्या काचेवर, मागच्या काचेवर, वैनी बसतात त्या खिडकीच्या काचेवर कुठेही एक डाग नव्हता. मग मी किल्ली घेतली आणि वैनींना आणायला निघालो.